खंडेनवमीचं कुंकू

माझ्या धाकट्या बहिणीशी फोनवर नुसतं बोलता येत नाही. ती दीड वर्षाची असताना तापात तिचे कान गेले, आणि कान गेले म्हणून बोलणंही आलं नाही. आम्ही दोघी उदगीरच्या. घर लिंगायताचं, वडलांचं किराण्याचं दुकान, आणि बहिऱ्या लेकराला कोणत्या शाळेत घालायचं हे त्या काळी आमच्याकडं कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी घातलं असतं का, महादेव जाणे. मग आम्हीच आमच्या खुणा केल्या. मिशीवरनं बोट फिरवलं की वडील. दोन तळहात वर-खाली केले की दुकान, कारण तराजू. नाकाला चिमटा घेतला की आमची एक आत्या, आणि तो का, ते इथं सांगत नाही. अशा ढिगानं खुणा. त्या साऱ्या जगात दोघींनाच पुऱ्या येतात, एक तिला आणि एक मला.

पुढं लग्नं झाली. ती लातूरला गेली, मी नायगावला आले. तिच्या नवऱ्याची पिठाची गिरणी आहे. माणूस कष्टाळू, तिला टाकून बोलत नाही, पण त्याला तिच्या खुणा येतात त्या 'जेव', 'चल', 'गिऱ्हाईक आलं' एवढ्याच. सासूला तेवढ्याही येत नाहीत. म्हणजे माझी बहीण दिवसभर माणसांत, आणि दिवसभर गप्प. कितीतरी वर्षं आम्ही पंचमीला आणि दिवाळीला तेवढ्या भेटायचो आणि सहा महिन्यांचं दोन दिवसांत बोलायचो. हात दुखून यायचे. मग व्हिडिओ कॉल आला आणि माझ्या बहिणीला तोंड फुटलं. रोज दुपारी जेवणं झाली की ती गिरणीच्या मागच्या खोलीत आणि मी माझ्या शिलाईच्या दुकानात, तास तास हात चालवत बसायचो. माझ्या दुकानात येणाऱ्या बाया आधी हसायच्या, मग त्याही 'तिला माझा नमस्कार सांग' म्हणायला लागल्या.

म्हणून सांगते, फोनची बॅटरी ही कुणाला बारकी गोष्ट वाटत असेल तर वाटो. माझ्या बहिणीचं बोलणं त्या बॅटरीवर होतं.

फोन मी गुढीपाडव्याला घेतला होता, माझ्या कमाईतनं, नांदेडला जाऊन. पहिले दहा महिने त्यानं काही तक्रार केली नाही. माघ लागला आणि त्याची लक्षणं फिरली. सकाळी पोट भरून चार्ज करावा तर दुपारपर्यंत अर्ध्यावर. व्हिडिओ कॉल लावला की वीस मिनिटांत गचके. पडद्यावर पंचवीस टक्के दाखवायचा आणि बघता बघता डोळे मिटायचा. बहिणीचे हात हवेत, काहीतरी रंगात येऊन सांगत असायची, आणि पडदा काळा.

'वायर लावून बोल की,' हे मला नायगावात पन्नास जणांनी सांगितलं. अरे, सांगणाऱ्यांनो, दोन्ही हातांनी बोलायचं असतं आम्हाला! फोन कुठंतरी टेकवून उभा करावा लागतो, तोंडावर उजेड लागतो, आणि माझ्या दुकानातला प्लग आहे आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, इस्त्रीपाशी. त्यात आमची लाइट जाते ती नेमकी दुपारी. आमच्या घरचे मालक म्हणाले, "चौकातल्या दुकानात टाक ना दुसरी बॅटरी, कशाला डोकं लावतीस?" चौकातल्या दुकानातली बॅटरी शेजारणीनं टाकली होती. दोन महिन्यांत ती तळलेल्या पुरीवानी टम्म फुगली आणि फोनचा पडदाच उचकटला. मी म्हणलं, मला न्हाई टाकायची. वर्षाची वॉरंटी लिहून दिलेली हाय. हक्काचं सोडून मी दुसऱ्याच्या दारात का जाऊ?

मालकांनी हात जोडले. माझ्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ते हातच जोडतात.

महाशिवरात्र झाली, उपास सोडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं नांदेड गाठलं. कंपनीचं सर्व्हिस सेंटर बाजारात दुसऱ्या मजल्यावर होतं. काउंटरवर एक मुलगी बसलेली, तिनं बिल बघितलं, कॉम्प्युटरमध्ये काहीतरी टिपलं आणि म्हणाली, "मॅडम, वॉरंटीचे बाराच दिवस राहिलेत."

"बारा कसे? पाडव्याला घेतलाय मी. पाडव्याला अजून महिना हाय."

तिनं बिलावरची तारीख दाखवली. मी बोटांवर मोजलं आणि माझं मलाच हसू आलं. पाडवा ते पाडवा असं वर्ष धरून बसले होते मी. मधी अधिक महिना येऊन गेलेला, म्हणून यंदाचा पाडवा लांबलेला. मी अधिकात जावयाला अनरसे दिले, दीपदान केलं, सगळं केलं, आणि वॉरंटी मोजताना तोच महिना विसरले.

"वॉरंटीला अधिक महिना नसतो मॅडम," मुलगी हसू दाबत म्हणाली.

"नसू दे. बारा दिवस तर हायत ना?"

आतनं इंजिनिअर आला. तिशीचा असेल, गळ्यात ओळखपत्र, डोळे फोनवर. त्यानं माझा फोन त्याच्या मशीनला जोडला, थोडं थांबला आणि म्हणाला, "ब्याऐंशी टक्के हेल्थ आहे. ऐंशीच्या खाली आली तरच फ्रीमध्ये बदलून मिळते."

"वीस मिनिटांत बंद पडतोय भाऊ."

"नियम आहे मावशी."

मॅडमची मावशी झाले ते मी सोडून दिलं. पण पुढं तो म्हणाला, "व्हिडिओ कॉल कमी करा. साधा कॉल करत जा, बॅटरी टिकते."

"माझी बहीण बहिरी हाय."

"मग मेसेज करा."

"तिला वाचता येत न्हाई."

"मग..." तो अडखळला.

"मग काय? मग गप बसा, असंच ना?"

त्याला वाईट वाटलं असेल, नाही असं नाही. पण त्यानं मान खाली घालून कागदावर 'ब्याऐंशी, पात्र नाही' असं लिहिलं आणि कागद माझ्या हातात दिला. मी जिना उतरले तेव्हा माझं डोकं तापलं होतं. मेलेलं माणूस पुरेसं मेलं नाही म्हणून परत पाठवायचं, असला हा नियम. आणि गाडीत बसता बसताच माझ्या मनानं घेतलं. दोन-तीन टक्के ना? पाडते दोन-तीन टक्के. बारा दिवस कशाला, दहा दिवसांत पाडते.

याला कुणी लबाडी म्हणेल. म्हणा. मी बॅटरी ठोकली नाही, टोचली नाही, पाण्यात बुडवली नाही. फोन वापरायला दिला होता, मी वापरला. एवढी वर्षं सगळ्यांनी मला शिकवलं की वस्तू जपून वापर, उजेड कमी ठेव, पुरवून पुरवून खा. बारा दिवस मी काही जपायचं नाही असं ठरवलं.

सकाळी उठले की शंभर टक्के करायचा आणि लगेच पिळायला घ्यायचा. पडद्याचा उजेड पुरा. टॉर्च दिवसाढवळ्या चालू. दुकानाच्या पत्र्याखाली, जिथं दुपारी मी स्वतः बसत नाही, तिथं फोन ठेवून त्याच्यावर शिवभजनं लावली. ब्लाउज टाकायला आलेल्या बाया विचारायच्या, "काय करायलीस गं, फोनला ऊन दाखवायलीस?" मी म्हणायची, "पापड वाळवायले." फोन मेला की पुन्हा चार्ज, पुन्हा मारायचा. दिवसाला दोनदा, तीनदा.

आणि सगळ्यात जास्त बॅटरी खाणारी गोष्ट कोणती, तर बहिणीचा व्हिडिओ कॉल. मला काय, आनंदच होता. आधी दुपारी एकदा लावायची, आता सकाळी लावते, दुपारी लावते, संध्याकाळी दिवे लागायच्या आधी लावते. तिचे हात सुरू व्हायचे, माझे सुरू व्हायचे, आणि दहा-पंधरा मिनिटांत फोन आडवा. तो मेला की मी मनात टाळी द्यायची. चला, अजून एक पायरी उतरली!

पहिल्याच दिवशी मी लातूरला मेहुण्यांना साधा फोन लावून सांगितलं होतं. "दाजी, माझा फोन मधीच बंद पडणार हाय, बॅटरी गेलीय. तिला सांगून ठेवा." मागं गिरणी घरघरत होती. "हाव आक्का, सांगतो सांगतो," ते म्हणाले. झालं. मी निश्चिंत. कॉलमध्ये मी तिला बॅटरीचं काही सांगत बसले नाही. एवढ्या मुश्किलीनं मिळालेली पंधरा मिनिटं, त्यातली पाच त्या बॅटरीच्या रडगाण्यात कोण घालवणार?

अकराव्या दिवशी मी पुन्हा त्या जिन्यावर होते. हातात बिल, पिशवीत डबा आणि पाण्याची बाटली, कारण आज दिवस मोडला तरी हलायचं नाही असं ठरवूनच निघाले होते. तोच इंजिनिअर. त्यानं मला ओळखलं आणि त्याचा चेहरा पडला. फोन मशीनला जोडला. मी काउंटरवर पुढं झुकून बघत होते.

"एकोणऐंशी," तो म्हणाला.

मी दोन्ही हात वर करून नाचले नाही एवढंच. काउंटरवरची मुलगीसुद्धा हसली. पण इंजिनिअरचं झालं नव्हतं. त्यानं फोन उलटा धरला, चार्जिंगच्या भोकात टॉर्च मारला, डोळा बारीक करून बघितलं आणि मान हलवली.

"मावशी, यात पाणी गेलंय."

"कुठलं पाणी?"

"आत एक पांढरा स्टिकर असतो. पाणी लागलं की लाल होतो. तुमचा लालभडक झालाय." त्यानं फोटो काढला आणि पडद्यावर मोठा करून दाखवला. भोकाच्या आत, खरंच, लालच लाल. "पाणी गेलं की वॉरंटी बाद. आता पैसे भरून करावं लागेल."

मी फोनला पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता. भांडी घासताना फोन आला तर हात पदराला दोनदा पुसून उचलायची. मग लाल कशानं झालं? आणि बघता बघता उजेड पडला. अगं माय! खंडेनवमी!

आमच्याकडं खंडेनवमीला ज्याच्या जिवावर पोट भरतं त्या हत्याराची पूजा करतात. शेतकऱ्यानं औताची करायची, ड्रायव्हरनं गाडीची. माझी शिलाई मशीन, कैची, टेप, इस्त्री असं सगळं मी पाटावर मांडते, आधी इभूत लावते, मग हळद-कुंकू. यंदा फोन पण मांडला होता. का नाही मांडायचा? गिऱ्हाइकं ब्लाउजच्या गळ्याचे फोटो त्याच्यावरच पाठवतात, मापं त्याच्यावर, आणि माझी बहीण त्याच्यात. हत्याराच्या कामाच्या जागी कुंकू लावायचं अशी आमची रीत. मशीनला सुईपाशी लावलं, कैचीला पात्यांपाशी. फोनला कुठं लावणार? पडद्यावर लावलं तर दिसणार नाही. मी विचार करून, जिथनं तो जेवतो तिथं लावलं. चार्जिंगच्या तोंडाला. चांगलं चिमूटभर, मनापासून.

"ते पाणी न्हाई," मी म्हणलं. "ते कुंकू हाय."

इंजिनिअरनं माझ्याकडं असं बघितलं की मला लहान लेकरावानी समजावून घरी पाठवायचं त्यानं नक्की केलं असावं. "मावशी, सगळे काही ना काही सांगतात."

"सगळे काय सांगतात ते मला माहीत न्हाई. मी सांगायले ते ऐका. खंडेनवमीला पूजा केली, कुंकू आत गेलं. कोरडं कुंकू. पाण्याचा हात लावला न्हाई."

"स्टिकर लाल आहे. सिस्टीममध्ये फोटो गेला. माझ्या हातात काही नाही."

या वाक्याचा मला लहानपणापासून राग आहे. रेशनवाल्यापासून तहसीलपर्यंत ज्याला त्याला विचारा, कुणाच्याच हातात काही नसतं. मग माणसाला हात दिलेत कशाला? माझ्या बहिणीला विचारा हात कशाला असतात.

मी काही बोलायच्या आधी माझी नजर त्याच्या कॉम्प्युटरवर गेली. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हळदीचं बोट आणि त्याच्यावर कुंकू, वाळून काळपट पडलेलं. शेजारच्या मशीनवर पण तेच. मागच्या भिंतीवरच्या देवाखाली तर कुंकवाची अख्खी वाटी.

"हे काय हाय?" मी बोट दाखवलं.

तो वळून बघायला लागला.

"तुमच्या कॉम्प्युटरला पूजेचं कुंकू लावलेलं चालतं, आणि माझ्या फोनला लावलं की त्यात पाणी गेलं व्हय? मग तुमचा कॉम्प्युटर पण बाद करा! लावा त्याच्यात टॉर्च!"

मागं बाकड्यावर बसलेली माणसं हसली. एक म्हातारबा म्हणाले, "बरोबर बोलायली बाई." इंजिनिअरचे कान लाल झाले. तिथं नियम होता आणि इथं मी होते, आणि त्याला दोन्हीतनं सुटायचं होतं. मी आवाज खाली आणला, कारण तोही कुणाच्या घरचा पोरगाच की. म्हणलं, "भाऊ, पाण्यानं लाल झालेला स्टिकर झाडला तर पांढरा होतो का?"

"नाही होत."

"मग झाडून बघा. लाल राहिला तर मी गुमान जिना उतरते, पुन्हा तोंड दाखवत न्हाई. पांढरा निघाला तर?"

"आम्हाला स्टिकरला हात लावायची परवानगी नाही," असं काहीतरी तो पुटपुटला. तेव्हा काउंटरवरची ती मुलगी उठली, आतनं एक बारका कोरडा ब्रश आणि कोरा कागद घेऊन आली आणि त्याच्यासमोर ठेवला. "सर, धूळ तर आपण सगळ्यांचीच काढतो," ती म्हणाली. आणि माझ्याकडं न बघता हळूच, "आमच्या घरी आईनं मिक्सरच्या आत लावलं होतं."

त्यानं ब्रश घेतला. भोक कागदावर उलटं करून झाडायला लागला. आधी थोडी कापसाची लव पडली, ती माझ्या दुकानातली. मग कुंकू. कागदावर छान लाल रांग पडली. तो झाडत राहिला, मी बघत राहिले. मग टॉर्च मारला. मी मान वाकडी करून त्याच्या आधी डोळा लावला.

पांढरा! कडेला जरा गुलाबी डाग होता, पण स्टिकर पांढराधोप.

"आता दुसरा फोटो काढा," मी म्हणलं. "आणि तो पण घाला तुमच्या सिस्टीममध्ये. लिहा खाली, खंडेनवमीचं कुंकू."

त्यानं फोटो काढला. खाली काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. पण नवी बॅटरी टाकायच्या कागदावर सही घेतली, आणि दोन तास लागतील म्हणाला. मी दोन तास तिथनं हलले नाही. मुलीनं चहा आणते म्हणलं, मी म्हणलं नको बाई, माझा डोळा फोनवर राहू दे. डबा तिथंच बाकड्यावर बसून खाल्ला. नवी बॅटरी बसली, फोन सुरू झाला, मशीननं शंभर दाखवलं. निघताना इंजिनिअर म्हणाला, "मावशी, आता फोनला कुंकू लावू नका."

"लावणार," मी म्हणलं. "पण पाठीला लावीन. तुमच्या पोटावर पाय न्हाई आणणार."

तोही हसला. परतीच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली आणि मी अख्ख्या वाटेनं एकटीच हसत होते. मालकांना फोन करून सांगितलं, जिंकून यायले, स्वयंपाकाला काहीतरी गोड आणा.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं दार अर्धं ओढलं, फोन मशीनच्या डब्याला टेकवून उजेडात उभा केला आणि बहिणीला कॉल लावला. वाजत राहिला. उचलला नाही. दळणाची गर्दी असेल म्हणून थोड्या वेळानं पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. चौथ्यांदा तिनं उचलला.

मी तिला बोलूच दिलं नाही. दोन्ही हातांनी सुरू झाले. जिंकले, भांडले, जिना, टॉर्च, कुंकू, सगळं एकदम. ती बघत होती. चेहरा कोरा. हात खाली मांडीवर, पडद्यात दिसतसुद्धा नव्हते. आमच्यात कुणी रुसलं की हात दडवून बसतं, लहानपणापासून. माझे हात हळूहळू थांबले. मी खुणेनं विचारलं, काय झालं?

तिनं उजवा हात वर आणला. दोन बोटांना पट्टी बांधलेली. त्याच पट्टीच्या दोन बोटांची तिनं कैची केली आणि माझ्याकडं रोखली. कापतेस. तू कापतेस.

मला आधी कळेचना. मग तिनं एकेक करून सांगितलं, सावकाश, दुखऱ्या बोटांनी. मी बोलायला लागते, तू कापतेस. सकाळी कापतेस, दुपारी कापतेस, संध्याकाळी कापतेस. मी परत लावते, तू उचलत नाहीस. पडद्यावर माझंच तोंड मला दिसत राहतं. परवा संध्याकाळी, तू कापल्यावर, गिरणीच्या पट्ट्यात बोटं गेली. सात वेळा लावला. तू उचलला नाहीस. तुला माझा कंटाळा आला. इथं कुणी बोलत नाही, आता तू पण नाहीस.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आपला फोन बंद असला की लावणाऱ्याला ती बाई कानात सांगते, फोन बंद आहे म्हणून. माझ्या बहिणीला ती बाई काय सांगणार? तिच्यापुरतं एवढंच होतं, की बहीण तोंडावर कॉल तोडते आणि मग उचलत नाही. आणि मेहुणे? दाजी सांगायचं विसरले होते. त्यांना काय बोल लावू? त्यांच्या हातात तीन खुणा, 'बॅटरी'ची खूण आणणार कुठनं? सांगायचं ते मी सांगायला पाहिजे होतं. पाच मिनिटं वाचवली मी. कंपनीला धडा शिकवायच्या नादात दहा दिवस रोज तीन-तीनदा माझ्या बहिणीच्या तोंडावर दार आपटत होते, आणि वर मनात टाळ्या देत होते.

रडू आलं. दुकानात, दार अर्धं उघडं असताना, मी रडले. तिच्यासमोर दोन्ही कान धरले. मग फोनची पाठ दाखवली, आतली वस्तू काढून टाकल्याची खूण केली, जीव जातो, डोळे मिटतात, तू बोलत असताना मरतो, मी नाही कापलं, तो मेला. मी त्याला मारत होते, तुझ्यासाठी नवा जीव आणायचा म्हणून. मग तिनं विचारलं, किती दिवस? मी बोटं दाखवली. तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि आमच्या आत्याची खूण केली, म्हणजे माझ्याइतकी मूर्ख बाई खानदानात दुसरी ती एकच. तेव्हा कुठं मला श्वास आला.

मग ती बोलली. पट्टा कसा सुटला, रक्त किती आलं, सासूनं हळद दाबली, रात्री बोटं ठणकत असताना कुणाला सांगावं म्हणून ती भिंतीकडं तोंड करून अंधारात एकटीच हात चालवत राहिली. दुखऱ्या हातानं ती दोन तास बोलली. बॅटरी किती उरली ते मी एकदाही बघितलं नाही.

त्या दिवशी आमचं ठरलं. कॉल तोडायचा तो तिनंच. मी नाही. तिच्याकडं मधीच दळणाचं गिऱ्हाईक आलं तर ती मला तसंच ठेवून उठते, कॉल न तोडता, मुद्दाम. दुकानातल्या बाया म्हणतात, "अगं ठेव की आता, कुणी न्हाई तिथं." मी ठेवत नाही. ब्लाउजची शिलाई मारत, मधून मधून मान वर करून लातूरच्या त्या रिकाम्या खोलीकडं बघत, ती परत येऊन बसेपर्यंत मी फोन चालू ठेवते.